चोवीस डाव, पण निकाल नाही
१९४५ सालच्या अमेरिकेतील एका विलक्षण सामन्याची हकीकत

शनिवार, २१ जुलै १९४५. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी शाइब पार्क नावाच्या मैदानावर त्या दिवशी दुपारी डेट्रॉइट टायगर्स आणि फिलाडेल्फिया अॅथलेटिक्स ह्या दोन धंदेवाईक बेसबॉल संघांचा सामना सुरू झाला. असा सामना त्या काळी दोन-सव्वादोन तासांत आटपत असे. हा सामना पावणेपाच तासांहून अधिक चालला. अंधारून आले, चेंडू दिसेनासा झाला, तेव्हा पंचांनी खेळ थांबवला. त्या वेळी दोन्ही संघांची एकेकच धाव झालेली होती. नऊ डावांच्या जागी चोवीस डाव होऊनही कोणी जिंकले नाही की हरले नाही.

आपल्या बेटावर मुले फुटबॉलच्या मागे धावतात आणि घरातली वडीलधारी मंडळी भारताच्या क्रिकेटचा निकाल आवर्जून विचारतात. बेसबॉल मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. तेव्हा आधी दोन शब्द त्या खेळाविषयी सांगतो. जाणकारांनी हा परिच्छेद खुशाल ओलांडून पुढे जावे.

बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाचे नऊ खेळाडू असतात. गोलंदाजाला तिथे पिचर म्हणतात. तो चेंडूचा टप्पा पडू न देता सरळ फलंदाजाकडे फेकतो. फलंदाजाने तो गोल दांडूने टोलवायचा आणि चौकोनाच्या चार कोपऱ्यांवरील ठाण्यांना शिवून परत मूळ जागी यायचे, म्हणजे एक धाव होते. तीन गडी बाद झाले की त्या संघाची पाळी संपते. दोन्ही संघांच्या एकेक पाळ्या झाल्या की एक डाव पुरा होतो. असे नऊ डाव खेळतात. नवव्या डावाअखेर धावा सारख्या असतील तर दहावा डाव खेळायचा, मग अकरावा, आणि कोणी पुढे जाईपर्यंत असेच चालू ठेवायचे. क्रिकेटच्या गोलंदाजाला सहा चेंडू टाकले की दुसऱ्याच्या षटकापुरती उसंत मिळते. बेसबॉलच्या पिचरला ती नाही. आपला संघ मैदानात असेपर्यंत प्रत्येक चेंडू त्यानेच टाकायचा. थकला म्हणून त्याला एकदा बाहेर काढले की त्या सामन्यात तो पुन्हा येऊ शकत नाही.

आता त्या दिवसाचा हिशेब करून पाहा. चोवीस डाव म्हणजे एका संघाचे बहात्तर आणि दोन्ही संघांचे मिळून एकशे चव्वेचाळीस गडी बाद झाले. डेट्रॉइटच्या एकट्या लेस म्युलर ह्या पिचरने त्यांतले एकोणसाठ गडी बाद केले.

हे सारे महायुद्धाच्या दिवसांत घडले, हे ध्यानात ठेवले पाहिजे. जर्मनीने मे महिन्यात शरणागती पत्करली होती, पण जपानशी लढाई चालूच होती. ह्या सामन्याच्या पाचच दिवस आधी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली होती. ती गोष्ट मैदानावरच्या कोणालाच ठाऊक नव्हती. हिरोशिमाला अजून सोळा दिवस अवकाश होता.

लढाईने आपल्या बेटाचेही हाल केले होते. जपानने ब्रह्मदेश घेतला, तिकडून येणारा तांदूळ बंद झाला आणि आपल्या आजी-आजोबांना मका आणि मॅनिऑकवर दिवस काढावे लागले. बेटावरचे कितीतरी तरुण पायोनियर तुकड्यांतून इजिप्तच्या वाळूत जाऊन राबले. अमेरिकेत उपासमार नव्हती, पण चणचण तिथेही होतीच. मलाया पडल्यावर रबर मिळेना. म्हणून १९४३ च्या मोसमाच्या आरंभी बेसबॉलच्या गाभ्यात रबराऐवजी बलाटा नावाचा झाडाचा चीक घातला. तो चेंडू कितीही जोराने टोलवला तरी लांब जाईना. फलंदाजांनी ओरड केली आणि तो लवकरच बदलावा लागला. आगगाड्या सैनिकांसाठी मोकळ्या ठेवायच्या म्हणून संघांना सरावासाठी दक्षिणेकडच्या उबदार गावी जाण्यास बंदी झाली. डेट्रॉइटचे खेळाडू इंडियाना राज्यातील इव्हान्सव्हिलच्या थंडीत सराव करीत. १९४५ साली निवडक खेळाडूंचा वार्षिक सामनासुद्धा रद्द झाला.

मुळात अशा वेळी खेळ चालवावा की नाही, हाच पहिला प्रश्न होता. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर बेसबॉलच्या प्रमुखांनी थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ह्यांना तसे विचारले. त्यांनी १५ जानेवारी १९४२ रोजी उत्तर धाडले. त्याचा आशय असा होता की खेळ चालू ठेवावा, कारण लोकांना आता जास्त तास काम करावे लागेल आणि त्यांना करमणूक हवी. पण जो खेळाडू सैन्यात जाण्याच्या वयाचा आणि लायकीचा असेल त्याने गेलेच पाहिजे. रात्रीचे सामने वाढले तर दिवसपाळीच्या कामगारांनाही ते पाहता येतील, असेही त्या पत्रात होते. दिव्यांची ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

अशा रीतीने खेळ राहिला आणि खेळाडू गेले. मोठ्या लीगमधले पाचशेहून अधिक जण गणवेषात होते. डेट्रॉइटचा नामांकित फलंदाज हँक ग्रीनबर्ग हवाई दलात दाखल होऊन चीन, ब्रह्मदेश आणि भारत ह्या आघाडीवर होता. अॅथलेटिक्सचा पिचर फिल मार्चिल्डन मूळ कॅनडाचा. त्याचे विमान ऑगस्ट १९४४ मध्ये पाडले गेले आणि तो जर्मनांच्या कैदेत पडला. ह्याच अॅथलेटिक्सकडून हॅरी ओ'नील नावाचा तरुण १९३९ च्या जुलैमध्ये मोठ्या लीगमधला एकच सामना खेळला होता, तोही डेट्रॉइटविरुद्धच. सामन्याच्या अखेरीस त्याला यष्टिरक्षकासारख्या जागी उभे केले, फलंदाजीची पाळी काही आली नाही. ६ मार्च १९४५ रोजी तो इवोजिमा बेटावर मारला गेला. आपण ज्या सामन्याची गोष्ट सांगत आहोत, त्याला तेव्हा साडेचार महिने होते.

रिकाम्या जागा भरण्यासाठी संघांनी मिळेल त्याला घेतले. सिनसिनाटीने जून १९४४ मध्ये जो नक्सहॉल ह्या अवघ्या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलाला पिचर म्हणून उतरवले. सेंट लुईस ब्राउन्सने १९४५ च्या मोसमात पीट ग्रेला सत्त्याहत्तर सामने खेळवले. त्याचा उजवा हात लहानपणीच अपघातात गेला होता. एका हाताने तो दांडू फिरवी आणि त्याच हाताने चेंडू झेलून फेकी. त्याच्या हिमतीला आमचा नमस्कार आहे.

पण इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय आम्हांला पुढे जाववत नाही. एक हात नसलेल्याला घेतले, मिसरूड न फुटलेल्याला घेतले, तरी काळ्या खेळाडूला त्या मोठ्या लीगमध्ये घेतले नाही. सॅचेल पेजसारखा पिचर आणि जॉश गिब्सनसारखा फलंदाज त्या वेळी त्याच देशात निराळ्या लीगमध्ये खेळत होते. ते उणे आहेत असे म्हणण्याची सोय नव्हती, तरीही दार बंद होते. जॅकी रॉबिन्सनशी करार झाल्याचे ऑक्टोबर १९४५ मध्ये जाहीर झाले आणि मोठ्या लीगमध्ये तो १९४७ च्या एप्रिलात उतरला. रंगावरून माणसाची रांग ठरवणारी राजवट आपल्या पूर्वजांनीही पाहिली आहे. हे काय असते, ते आपल्या वाचकांना अधिक समजावून सांगायला नको.

आता मैदानाकडे वळू.

अॅथलेटिक्सचे व्यवस्थापक होते कॉनी मॅक, वय वर्षे ब्याऐंशी. संघाच्या मालकीतही त्यांचा वाटा होता. खेळाडूंसारखा गणवेष न घालता ते कोट, टाय अशा पोशाखात बाकावर बसत आणि हातातल्या गुणपत्रिकेने खुणा करून क्षेत्ररक्षकांना इकडे-तिकडे सरकवीत. त्यांचा संघ त्या वर्षी आठ संघांत अगदी तळाशी राहिला. उलट डेट्रॉइटचा संघ अजिंक्यपदासाठी झगडत होता. स्टीव्ह ओ'नील हे त्याचे व्यवस्थापक. म्हणजे आघाडीचा संघ तळाच्या संघाकडे आला होता आणि दोन-अडीच तासांत जिंकून जायचा, असे कोणीही म्हटले असते.

म्युलर हा इलिनॉय राज्यातील बेलव्हिल गावचा. वय सव्वीस. १९४१ साली त्याला डेट्रॉइटकडून चार सामन्यांत संधी मिळाली, मग सैन्यात गेला, आणि हर्नियाच्या दुखण्यामुळे तिथून त्याची सुटका झाली. त्याच्यासमोर अॅथलेटिक्सचा रस ख्रिस्टोफर होता. सत्तावीस वर्षांचा, ताडासारखा उंच आणि काडीसारखा बारीक. हात खालून फिरवून तो चेंडू टाकी. लहानपणी संधिवाताच्या तापाने त्याचे हृदय अधू केले होते. ज्या हृदयामुळे लष्कराने त्याला घेतले नाही, त्याच हृदयानिशी तो उन्हाळ्याच्या त्या दुपारी चेंडू टाकीत होता.

चौथ्या डावात अॅथलेटिक्सची एक धाव झाली, तीही डेट्रॉइटच्या क्षेत्ररक्षणात चूक झाली म्हणून. सातव्यात डेट्रॉइटने बरोबरी केली. त्यानंतर फलकावर दोन्ही ओळींत नुसती शून्ये पडत गेली. नववा डाव संपला. बारावा संपला. तेरा डाव टाकून ख्रिस्टोफर थांबला. एकोणचाळीस गडी त्याने बाद केले होते आणि धाव एकच दिली होती.

त्याच्या जागी जो बेरी आला. चाळिशी गाठलेला, अंगाने किरकोळ. मोठ्या लीगमध्ये पुरा मोसम खेळण्याची पहिली संधी त्याला मिळाली ती १९४४ साली, एकोणचाळिसाव्या वर्षी. लढाई नसती तर ती मिळाली असती की नाही, शंकाच आहे. चेंडू टाकण्यापूर्वी त्याचे हात, टोपी, खांदे ह्यांची अशी काही चुळबुळ चाले की लोकांनी त्याचे नावच 'जिटरी जो' ठेवले होते. आपण त्याला चुळबुळ्या जो म्हणू. ह्या चुळबुळ्या जोने चौदाव्या डावापासून चोविसाव्यापर्यंत, म्हणजे अकरा डाव, डेट्रॉइटच्या संघाला एकसुद्धा धाव घेऊ दिली नाही. नऊ डावांचा सामना एकट्याने पुरा केला तर पिचरचे कौतुक होते. बेरीने त्याहून दोन डाव जास्त टाकले आणि तरीही त्या दिवशी तो बदली म्हणून आलेला माणूस होता!

आणि म्युलर? तो अजून तिथेच होता. ख्रिस्टोफर गेला तरी म्युलर होताच. पंधरावा, सतरावा, एकोणिसावा. कोकणात जाखडीच्या शक्ती-तुऱ्यात रात्र सरत आली तरी एखादा शाहीर मागे हटत नाही, तसा हा गडी उभा होता. विसाव्या डावात दोन गडी बाद झाले, पण फलंदाज ठाण्यांवर जाऊ लागले. तेव्हा ओ'नील बाहेर आले आणि त्यांनी त्याच्या हातून चेंडू काढून घेतला. सामना अजून संपलेला नाही ना, असे म्युलरने त्यांना विचारल्याचे सांगतात. एकोणीस डाव आणि वर दोन गडी. एवढ्यात त्याने एकच धाव दिली होती, आणि तिचा दोषही त्याच्या माथी लागत नव्हता. उरलेले तेरा गडी डिझी ट्राउटने बाद केले.

ह्या सगळ्या गर्दीत अॅथलेटिक्सच्या एका पोरसवदा खेळाडूकडे थोडे लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे. त्याचे नाव जॉर्ज केल. वय बावीस, आर्कान्सा राज्यातील स्विफ्टन ह्या लहानशा गावचा, तिसऱ्या ठाण्यावरचा क्षेत्ररक्षक. त्या दिवशी तो दहा वेळा फलंदाजीला गेला आणि दहाही वेळा हात हलवत परत आला. एवढ्या लांबलेल्या सामन्यात शोधून काढावे असे हे अपयश.

चोवीस डाव झाले आणि पंच बिल समर्स ह्यांनी अंधाराचे कारण देऊन खेळ थांबवला. आता ती दिव्यांची गोष्ट. शाइब पार्कवर विजेचे दिवे होते! अमेरिकन लीगमधला रात्रीचा पहिला सामना १९३९ साली ह्याच मैदानावर झाला होता. खांब उभे होते, दिवे होते, रूझवेल्टसाहेबांनी रात्रीच्या खेळाचा पुरस्कार केला होता. पण लीगचा नियम असा होता की दिवसाउजेडी सुरू झालेला सामना दिवे लावून पुरा करायचा नाही. नियम तो नियम. बटण दाबले असते तर पंचविसावा डाव झाला असता. ते कोणी दाबले नाही आणि मंडळी घरी गेली. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या वाचकांना हा प्रकार फारसा नवा वाटणार नाही.

बरोबरीत सुटलेल्या सामन्याचा त्या काळी गुणतक्त्यात उपयोग नसे. तो नव्याने पहिल्या डावापासून खेळायचा. तेव्हा हे चोवीस डाव तक्त्याच्या दृष्टीने झालेच नव्हते. म्युलरच्या खात्यावर विजय पडला नाही आणि बेरीच्याही नाही. मात्र खेळाडूंचे वैयक्तिक आकडे धरले जात. म्हणून गंमत अशी झाली, किंवा क्रूर चेष्टा म्हणा, की सामन्याचा निकाल कोठेच लागला नाही, पण जॉर्ज केलची दहा अपयशे त्याच्या त्या वर्षाच्या सरासरीत पक्की जाऊन बसली.

बाकावरच्या मॅक ह्यांना मात्र हे फार नवे नसावे. १ सप्टेंबर १९०६ रोजी बॉस्टन येथे त्यांचाच संघ चोवीस डाव खेळून ४-१ असा जिंकला होता. त्या दिवशी त्यांच्या जॅक कूम्ब्जने सगळेच्या सगळे चोवीस डाव टाकले होते. एकोणचाळीस वर्षांच्या अंतराने एकाच व्यवस्थापकाने असे दोन सामने पाहिले. मोठ्या लीगमधला सर्वांत जास्त डावांचा सामना त्याहून दोन डावांनी मोठा आहे. १ मे १९२० रोजी ब्रुकलिन आणि बॉस्टन ह्यांच्यात सव्वीस डाव झाले आणि तोही १-१ असाच सुटला. दुय्यम लीगमध्ये १९८१ साली पॉटकेटला झालेला तेहतीस डावांचा सामना एप्रिलात सुरू होऊन जूनमध्ये संपला, पण ते प्रकरण वेगळे.

त्या मोसमाचे पुढे काय झाले? ग्रीनबर्ग जुलैच्या पहिल्याच तारखेला संघात परतला होता. ३० सप्टेंबरला सेंट लुईस येथे डेट्रॉइट एका धावेने मागे होते. नवव्या डावात तिन्ही ठाणी भरलेली असताना त्याने चेंडू कुंपणापार धाडला आणि अजिंक्यपद मिळवून दिले. वॉशिंग्टनचा संघ दीड सामन्याने मागे राहिला. मग डेट्रॉइटने शिकागोला हरवून वर्ल्ड सिरीजही जिंकली. तिच्या पहिल्या सामन्यात डेट्रॉइटची धुळधाण उडाली, ०-९ अशी हार झाली. त्यात म्युलरला दोन डाव मिळाले. त्याने एकही धाव दिली नाही. मार्चिल्डन कैदेतून सुटून आला आणि ऑगस्टच्या अखेरीस शाइब पार्कवर पुन्हा चेंडू टाकण्यास उभा राहिला.

लढाई संपली तशी माणसे परतू लागली, आणि ज्यांनी त्यांच्या जागा सांभाळल्या त्यांना जागा रिकाम्या करून द्याव्या लागल्या. पीट ग्रे मोठ्या लीगमध्ये पुन्हा दिसला नाही. एकोणीस डाव टाकणारा म्युलरही १९४६ साली खालच्या लीगमध्ये गेला आणि परत वर आला नाही. पुढे तो बेलव्हिलला घरच्या फर्निचरच्या धंद्यात रमला.

ख्रिस्टोफर त्याच अधू हृदयानिशी आणखी तीन वर्षे खेळला. १९४८ साली क्लीव्हलंडने त्याला घेतले आणि ते वर्ल्ड सिरीज जिंकले. त्यानंतर मात्र त्याला थांबावे लागले. डिसेंबर १९५४ मध्ये वयाच्या सदतिसाव्या वर्षी तो गेला. ज्या मैदानावर तो ते तेरा डाव टाकीत राहिला, तेही १९७६ साली पाडले गेले. आता तिथे एक चर्च उभे आहे.

राहिला केल. त्याला १९४६ च्या मेमध्ये अॅथलेटिक्सने देऊन टाकले, आणि कोणाला, तर डेट्रॉइटला. १९४९ साली अमेरिकन लीगमधील उत्तम फलंदाजाचा मान त्याने पटकावला. मागे कोणाला टाकले म्हणाल, तर टेड विल्यम्सला, ज्याला आजही कित्येक लोक त्या खेळातला सर्वश्रेष्ठ फलंदाज मानतात. दोघांच्या सरासरीतला फरक दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या घरात निघाला. १९८३ साली केलचे नाव बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या यादीत गेले. दहापैकी शून्य हा आकडा त्याच्या खात्यावर अजून आहे, कोणी खोडलेला नाही.

असे सामने आता होणे कठीण. २०२० सालापासून मोठ्या लीगच्या साखळी सामन्यांत दहाव्या डावापासून प्रत्येक पाळीच्या आरंभी एक गडी दुसऱ्या ठाण्यावर आयताच उभा करतात, म्हणजे धाव लवकर होते आणि प्रेक्षक वेळेवर जेवायला घरी जातात. पिचरचे चेंडूही मोजून टाकून घेतात. शंभराच्या आसपास आकडा आला की त्याला बसवतात आणि सहा-सात डाव टाकले तरी लोक शाबासकी देतात. लेस म्युलर बेलव्हिलच्या बाजूलाच म्हातारा झाला आणि २०१२ साली त्र्याण्णवाव्या वर्षी वारला. त्या शनिवारनंतर मोठ्या लीगमध्ये एका सामन्यात तेवढे डाव कोणीही टाकलेले नाहीत.